काळूकाठची खडीची वाट

बाळकुम,
२८ डिसेंबर १९८८

प्रिय रतन,

तुझं पत्र आलं. आईने ते माझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं. बाहरीन तिला म्हणता येत नाही. कोणी विचारलं की सांगते, धाकटा भारिनला आहे.

आता मुख्य गोष्ट. मी जाऊन आलो. भाताची झोडणी उरकली आणि तू नाहीस म्हणून या वर्षी नाणेघाट राहू दे, असंच मनात होतं. इतकी वर्षं दोघांनी मिळून केलेली वाट एकट्याने कशी करायची? पण एका रविवारी पहाटे जाग आली आणि राहवेना. तुझ्या वहिनीने भाकऱ्या बांधून दिल्या.

कल्याणपर्यंत तेच ट्रक, तोच धूर. ते तुला सांगत नाही. मुरबाड गेलं, सरळगाव गेलं, मग डांबरी सोडून काळू नदीच्या काठाने खडीच्या रस्त्याला लागलो. या वर्षी खडी नवी टाकलीय, अजून दबलेली नाही. पुढचं चाक सारखं घसरत होतं. तू नेहमी ओरडायचास ना, हँडल आवळू नको दादा, सैल सोड, सायकलीला तिची वाट कळते. तसंच केलं. एकदाही पडलो नाही.

नदीला पाणी बरंच आहे. काठच्या खाचरांत वाल पेरलेत, फुलं यायला लागलीत. ओढ्यापाशी पाय धुतले. तिथे गुरं राखणारा एक म्हातारा भेटला. म्हणाला, "आज एकटेच? तो बडबड्या कुठं राहिला?" मी म्हटलं, तो समुद्रापार गेला, तिकडे बडबडतोय.

पुढे वळणावरून जीवधनचा कडा आणि नानाचा अंगठा एकदम समोर आले. तिथे थांबायचं आपलं ठरलेलं असतं, म्हणून थांबलो. वाऱ्याला गवताचा वास होता. एकटा असलो तरी बराच वेळ बसलो.

बाकी सगळं ठीक. कामावर जातो आहे. आईची तब्येत उत्तम. तू जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझा दादा,
गोपीनाथ

*

मनामा,
२५ जानेवारी १९८९

दादा,

तुझं पत्र मिळालं तेव्हा मी ड्यूटीवरून आलेलो, अंगावर सगळी रेती. आंघोळ न करताच वाचलं. आमच्या खोलीत रत्नागिरीचा एक जण आहे, त्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणतो, तुझा भाऊ वकील व्हायला पाहिजे होता. मी म्हटलं, अरे, तो घरी दिवसभरात चार शब्द बोलत नाही, कागदावर सुटतो.

इथले रस्ते एकदम गुळगुळीत आहेत. सायकल नुसती ढकलली तर जाईल. पण जाणार कुठे? चारी बाजूंना एकच पिवळा रंग. झाड दिसलं तर त्याला पाण्याचा पाइप लावलेला असतो.

मला एक सांग, सरळगावच्या पुढच्या त्या ओढ्यातून सायकल चालवत नेलीस की खांद्यावर घेतलीस? आणि त्या कडेच्या शेतातला कुत्रा मागे लागला की नाही? हे तू लिहिलंच नाहीस. पुढच्या वेळी काही सोडू नकोस. मला इथे बसून पूर्ण वाट करायची असते.

दोन वर्षं पुरी झाल्याशिवाय सुट्टी नाही. पासपोर्ट कंपनीच्या कपाटात आहे. पण नव्वदच्या दिवाळीला मी घरी असणार, आणि त्या थंडीत आपण दोघं जाणार. तोपर्यंत तू एकटा जाऊन वाट मोकळी ठेव.

वहिनींना नमस्कार. आईला सांग, मी जाड झालोय.

रतन

*

बाळकुम,
११ मार्च १९८९

रतन भावजी,

हे पत्र ह्यांना न सांगता लिहिते आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, चुकलं तर समजून घ्या.

ते नाणेघाटाला गेले नव्हते.

त्या रविवारी पहाटे निघाले एवढं खरं. मीच भाकऱ्या बांधून दिल्या. कशेळीचा पूल कसाबसा ओलांडला आणि पलीकडे रस्त्याच्या कडेला बसले. श्वास घेता येईना. आपल्या आळीतला महिपत टेम्पो घेऊन भिवंडीहून येत होता, त्याने ओळखलं. सायकल टेम्पोत टाकली आणि त्यांना घरी आणून सोडलं. मी विचारलं तर म्हणाले, पंक्चर झाली. दोन्ही टायरांत हवा होती. मी हात लावून पाहिलं.

थोड्या दिवसांनी पत्र लिहायला बसले. मला वाटलं, तुम्हाला आजाराचं कळवत असतील. पोस्टात टाकायला माझ्या हातात दिलं तेव्हा पाकीट चिकटवलेलं नव्हतं. मी वाचलं. भावजी, वाचता वाचता मलाच वाटायला लागलं की हे कदाचित गेले असतील, मलाच माहीत नसेल.

ठाण्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यातली धूळ आत बसली आहे. फुप्फुसं आतून कडक होत जातात, ती परत मऊ होत नाहीत, असं म्हणाले. काम सोडायला लावलं आहे. तुम्हाला लिहितात की कामावर जातो. घरात ओटीवर बसून असतात.

मी म्हटलं, रतन भावजींना कळवा. तर म्हणाले, "त्याला कळलं तर तो तिथलं सगळं टाकून निघेल आणि इथे कायमचा अडकून बसेल. आणि येऊन काय करणार? माझ्या जागी श्वास घेणार?"

मला हे एकटीच्या पोटात ठेवता आलं नाही. आता काय करायचं ते तुम्ही ठरवा.

शेवंती

*

मनामा,
६ एप्रिल १९८९

वहिनी,

पत्र वाचून मी मॅनेजरकडे गेलो. म्हणाला, भाऊ मेला आहे का? मी नाही म्हटलं. तर म्हणाला, मग काम कर.

मी दादाला काही विचारणार नाही. त्याला जे लिहायचंय ते लिहू दे. तुम्हीही मला लिहिलंय हे त्याला कळू देऊ नका. खरी तब्येत मात्र तुम्ही कळवत राहा.

मला राहून राहून एकच आठवतं. गेल्या खेपेला, म्हणजे मी इकडे यायच्या आधीच्या थंडीत, तो चढावर उतरून चालत होता. मी मागे वळून हसलो होतो. म्हटलं, म्हातारा झालास काय? तोही हसला होता.

रतन

*

मनामा,
३० ऑक्टोबर १९८९

दादा,

थंडी जवळ आली. या वर्षी कधी निघतोस?

एक सांगतो. या वेळी घाई करू नकोस. गोवेलीला थांब, चहा घे. मुरबाडला थांब. खडीवर आलास की सायकल हातात धरून चाललास तरी चालेल. आपल्याला कुठे शर्यत जिंकायचीय? मला उलट बरं, जास्त बघायला मिळेल. आणि घाट चढून वर लेण्यात जाशील तेव्हा तिथे निवांत बस. खाली काय काय दिसतं ते सगळं लिही.

तू पुढे चल, मी मागे आहे असं समज. तू थांबलास की मी थांबतो.

रतन

*

बाळकुम,
१७ डिसेंबर १९८९

प्रिय रतन,

अक्षर वेगळं दिसेल. माझ्या बोटांना मुंग्या येतात, म्हणून मी सांगतो आहे आणि तुझी वहिनी लिहिते आहे.

जाऊन आलो. तू म्हणालास तसा हळूहळू गेलो. ओढ्यातून सायकल खांद्यावर घेऊन गेलो, मागच्या वेळच्या तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. कुत्रा आता म्हातारा झाला, नुसता मान वर करून बघतो.

खडी आता बसली आहे. चाकाखाली एकसारखा करकर आवाज येतो, आणि तो थांबला की नदीचा ऐकू येतो. काळूला या वर्षी पाणी कमी आहे. मोठ्या डोहापाशी मात्र अजून खोल आहे. खडकावर खंड्या बसला होता, मी जवळ गेलो तरी उडाला नाही.

पायथ्याला सायकल ठेवली आणि घाट चढलो. दगडाच्या पायऱ्या मधोमध झिजल्यात, पाय आपोआप तिथेच पडतो. किती जण गेले असतील या वाटेने. कल्याणच्या बंदरात गलबतं लागायची, माल उतरायचा, तो बैलांच्या पाठीवर लादून माणसं याच खोऱ्यातून चढायची आणि जुन्नरला जायची. लेण्याच्या भिंतीवर राजाराण्यांची अक्षरं आहेत, दानात किती गायी दिल्या तेही आहे. पण बैल हाकणाऱ्यांत कोण वर पोचलं, कोण मध्येच बसलं, ते कोणी कोरून ठेवलेलं नाही.

लेण्यात बसलो. गार होतं. तिथून सगळं खोरं दिसतं. पेंढ्याच्या उडव्या, मधूनमधून घरांचा धूर, आपण आलो तो रस्ता. खूप वेळ बसलो. छाती भरून वारा घेतला.

उतरताना मी जरा मागे राहिलो. तू पुढे जा. वाट तुला ठाऊक आहे.

दादा

(भावजी, ते झोपले आहेत म्हणून ही ओळ माझी. हे सगळं सांगायला त्यांना तीन दुपारी लागल्या. मध्ये मध्ये श्वासाला थांबत होते. — शेवंती)

*

मनामा,
२० ऑगस्ट १९९०

वहिनी,

सुट्टी मंजूर झालेली. तिकीटही बघितलेलं. तेवढ्यात कुवेतवर हल्ला झाला. कंपनीने सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द केल्या. आमच्याकडे तशी शांतता आहे, पण रोज नवीन बातमी. कुवेतहून मराठी माणसं वाळवंटातून नेसत्या कपड्यांनिशी निघालीत असं ऐकतो.

दादाला सांगा, थंडीपर्यंत सगळं निवळेल. मी जानेवारीत येतो. त्याला सांगा, रतनने शब्द दिलाय.

त्याने या वेळी अजून पत्र का पाठवलं नाही?

रतन

*

बाळकुम,
१८ मार्च १९९१

रतन भावजी,

तुमच्याकडची लढाई थांबल्याचं रेडिओवर ऐकलं म्हणून लिहिते. मी जानेवारीत तार केली होती. ती पोचली की नाही कळायला मार्ग नाही. पोचली नसेल तर हे असं कागदावर वाचावं लागतंय, त्याला माझा इलाज नाही.

हे गेले. संक्रांत झाली आणि दोन दिवसांनी तिकडे विमानं बाँब टाकायला लागली, त्याच आठवड्यात. सकाळी उन्हात ओटीवर बसवलं होतं. मला म्हणाले, "रतनचं विमान बंद असणार." मी म्हटलं, चालू होईल. मग पाणी मागितलं. मी आत जाऊन आणलं तर मान भिंतीला टेकलेली होती.

सगळं शेजारच्या रामाने आणि महिपतने केलं. आई अजून कोणाशी बोलत नाही. तिला जेवायला मी भरवते.

तुम्हाला एक सांगायचं आहे. त्यांना सगळं कळलेलं होतं. तुमचं ते हळू चल, थांबत थांबत चल असं पत्र आलं तेव्हा वाचून घडी घालत म्हणाले, "शेवंते, तू त्याला लिहिलंस." मी घाबरले. ते रागावले नाहीत. म्हणाले, "कळूनही विचारतोय बघ. त्याला अजून जायचंय माझ्याबरोबर." मग दुसऱ्या दिवसापासून मला लिहायला बसवलं.

भावजी, आता जे लिहिते त्याचा राग मानू नका. माझ्या लग्नाला सोळा वर्षं झाली होती. त्या माणसाने मला कधी नदी सांगितली नाही. खंड्या सांगितला नाही. जेवायला वाढ, छत्री कुठाय, आईचं औषध आणलं का, एवढंच आमचं बोलणं. मी म्हणायचे, माणूसच अबोल आहे, त्याला काय करायचं. आणि मग त्या तीन दुपारी मी समोर बसले होते आणि ते बोलत होते, तुमच्याशी. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. हातात पेन माझं होतं, पण मी तिथे नव्हते.

दर थंडीला मी भाकऱ्या बांधून दिल्या. मला एकदाही नेलं नाही. मी कधी म्हटलंही नाही की न्या. म्हटलं असतं तर नेलं असतं का, हे आता कोणाला विचारू?

शेवंती

*

मनामा,
१४ एप्रिल १९९१

वहिनी,

तार मिळाली होती. लढाईत ऑफिस बंद होतं, ते उघडल्यावर टेबलावर सापडली. तेव्हा महिना उलटून गेलेला. मी उत्तर लिहायला रोज बसायचो. 'दादा' असं लिहायची इतकी सवय झाली आहे की पहिलाच शब्द चुकायचा.

आता सुट्टी देतो म्हणतात. आधी वाटलं, आता कोणासाठी जायचं? मग आई आणि तुम्ही आठवलात आणि माझीच मला लाज वाटली. थंडीला येतो. तुम्हाला त्या वाटेने घेऊन जातो, एसटीने जाऊ, नदीकाठी चालत जाऊ.

आणि वहिनी, तुम्ही लिहिलंत ते पूर्ण खरं नाही. वैशाखऱ्याला पायथ्याशी सखुबाई म्हणून एक आहेत. त्यांच्या ओट्यावर आम्ही सायकली ठेवायचो आणि तिथेच जेवायचो. तुमच्या भाकऱ्या सोडल्या की दादा तुमच्याबद्दल बोलायचा. शेवंती असं करते, शेवंती तसं म्हणते. घरी बोलत नसेल, तिथे बोलायचा. मी थंडीला येतोच आहे. तुम्ही स्वतः सखुबाईंना विचारा.

रतन

*

बाळकुम,
२२ डिसेंबर १९९१

रतन भावजी,

तुमची सुट्टी पुन्हा पुढे गेल्याचं कळलं. वाईट वाटून घेऊ नका, तुमच्या हातात काही नाही. पण मी थांबले नाही. आईला रामाच्या बायकोजवळ ठेवलं आणि गेल्या रविवारी कल्याणहून एसटीने गेले.

सरळगावच्या पुढे उतरले आणि खडीच्या रस्त्याने चालत निघाले. बाईमाणूस एकटी, पाठीला पिशवी, येणारे-जाणारे बघत होते. नदी होती. वाल फुलले होते. ओढ्यात चपला हातात घेऊन उतरले. पुढे वळण आलं आणि डोंगर समोर उभा राहिला तेव्हा मला माहीत होतं की इथे थांबायचं असतं. थांबले. भावजी, त्यांनी ओटीवर बसून सांगितलं होतं, पण एक शब्द खोटा सांगितला नव्हता. सगळं जिथल्या तिथे होतं.

चालवेना तेव्हा एका बैलगाडीवाल्याने पुढे नेलं, मग टोकावड्याला पुन्हा एसटी मिळाली. वैशाखऱ्याला घर विचारत गेले. सखुबाई ओट्यावर बसून वाल सोलत होत्या. मी म्हटलं, "तुमच्याकडे बाळकुमचे दोघे भाऊ सायकली ठेवायचे ना? दरसाल थंडीला?"

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "रतन! हो तर. हसवून हसवून जीव घ्यायचा. कुठं हाय आता तो?"

मी सांगितलं, परदेशात आहे. म्हटलं, "मी त्याच्या मोठ्या भावाची बायको. गोपीनाथची."

त्यांनी हातातला वाल सुपात टाकला. "मोठा भाऊ," म्हणाल्या. "असायचा खरा कोणी बरोबर. पण बोलायचा तो रतनच. दुसऱ्याचा आवाज मला आठवत नाय बाय."

मी विचारायला गेले होते ते मग विचारलंच नाही. तुम्ही ते माझ्यासाठी लिहिलंत, मला समजलं. मी रागावलेली नाही.

पण भावजी, मला तिथून उठता येईना. एवढ्या वाटेवर, जिथे ते इतकी वर्षं आले, तिथे त्यांना ओळखणारं कोणी नाही हे मला सहन होईना. मग मीच सांगायला लागले. म्हटलं, उंच होते. चालताना जरा वाकायचे. डाव्या भुवईवर लहानपणची खूण होती. जेवताना मान वर करायचे नाहीत. कांदा फोडलेला चालायचा नाही, चिरून लागायचा. चहा बशीत ओतून प्यायचे. बाहेरून आले की आधी सायकल पुसायचे, मग पाय धुवायचे.

सखुबाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "हां, हां. आठवला गं. चांगला माणूस होता."

त्यांना आठवलं नव्हतं. मला दिसत होतं. त्यांनी सूप बाजूला ठेवलं, माझा हात धरून मला जवळ बसवलं आणि म्हणाल्या, "सांग, आणखी सांग."

मी तोंड उघडलं, पण पुढे काही सांगता येईना. मला तेवढंच माहीत होतं.

शेवंती